संकेतस्थळासाठी फोटो सेव्ह करताना: आधी रुंदी, मग फॉरमॅट, शेवटी क्वालिटी

सातारा जिल्ह्यात आज स्वतःचे संकेतस्थळ चालवणाऱ्यांमध्ये कास-बामणोलीच्या वाटेवरचे होमस्टेवाले आहेत, महाबळेश्वर-पाचगणीचे स्ट्रॉबेरी उत्पादक आहेत, कंदी पेढ्यांचे दुकानदार आहेत, शाळा, वाचनालये आणि गडकोटांवर भटकणारे गटही आहेत. यांतल्या बहुतेकांकडचे मूळ फोटो उत्तम असतात, कारण मोबाईलचे कॅमेरे आता पुष्कळ सुधारले आहेत. मात्र तेच फोटो संकेतस्थळावर चढवले की एक तर पान उघडायला फार वेळ लागतो, नाही तर फोटो फुटलेले आणि फिकट दिसतात. या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा फोटो काढण्यात नसते, तो सेव्ह करताना निवडलेल्या सेटिंग्जमध्ये असते. ज्यांनी आजवर ‘सेव्ह’ या बटणापलीकडे काही पाहिलेले नाही, अशा नवशिक्यांसाठी हा लेख आहे.

नवखा माणूस सेव्ह करण्याची खिडकी उघडली की सर्वांत आधी क्वालिटीची पट्टी मागेपुढे सरकवू लागतो. माझ्या मते ही पट्टी सर्वांत शेवटी हाताळायची गोष्ट आहे. आधी फोटोची रुंदी ठरवावी, मग फॉरमॅट, म्हणजे फाइलचा प्रकार, निवडावा आणि मगच क्वालिटीकडे वळावे. हा क्रम पाळला तर उरलेले निर्णय फारसे अवघड राहत नाहीत. उदाहरणांसाठी मी गिंप हे मोफत सॉफ्टवेअर घेतले आहे, कारण ते कोणालाही डाउनलोड करून वापरता येते. फोटोशॉप वापरणाऱ्यांना याच सोयी ‘एक्सपोर्ट’ या विभागात मिळतील.

मूळ फाइल वेगळी ठेवणे

काम सुरू करण्यापूर्वी संगणकावर दोन फोल्डर तयार करावेत. एकात कॅमेऱ्यातून किंवा मोबाईलमधून आलेले मूळ फोटो जसेच्या तसे राहतील आणि दुसऱ्यात संकेतस्थळासाठी तयार केलेल्या प्रती जातील. मूळ फोटोवर कधीही ‘सेव्ह’ करू नये. जेपेग या फॉरमॅटमध्ये फाइल लहान करण्यासाठी चित्रातली काही माहिती कायमची टाकून दिली जाते, त्यामुळे जेपेग उघडून, थोडा बदल करून पुन्हा जेपेग म्हणून सेव्ह केला की प्रत्येक वेळी त्याचे आणखी थोडे नुकसान होते. पहिल्या-दुसऱ्या वेळी ते डोळ्यांना दिसत नाही, पण साठत जाते. गिंपमध्ये ‘सेव्ह’ केल्यावर त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइल तयार होते आणि जेपेगसाठी ‘एक्सपोर्ट ॲज’ हा वेगळा आदेश द्यावा लागतो. नवशिक्यांना ही अडचण वाटते, परंतु मूळ फोटो चुकून खराब होऊ नये यासाठी ती मोठी सोय आहे.

येथे व्हॉट्सॲपविषयी सांगितलेच पाहिजे. आपल्याकडे निम्म्याहून अधिक फोटो पाहुण्यांकडून, नातेवाइकांकडून किंवा गावातल्या फोटोग्राफरकडून व्हॉट्सॲपवरच येतात. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो स्वतःहून लहान करते आणि त्याची क्वालिटीही उतरवते. असा फोटो पुन्हा दाबून सेव्ह केला की दुहेरी नुकसान होते. म्हणून फोटो पाठवणाऱ्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवण्याची विनंती करावी, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. आयफोनवरून आलेली फाइल पुष्कळदा एचईआयसी फॉरमॅटमध्ये असते. ॲपलने २०१७ पासून हा फॉरमॅट वापरायला सुरुवात केली, पण बहुतेक ब्राउझर तो दाखवत नाहीत, त्यामुळे संकेतस्थळासाठी तो बदलून घ्यावाच लागतो.

रुंदी ठरवणे

डिजिटल फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी, आणि त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच असतो, म्हणजे त्यात १,२०,००,००० पिक्सेल असतात. संकेतस्थळावरच्या लेखात मजकुराच्या पट्ट्याची रुंदी मात्र पुष्कळदा ७०० ते ८०० पिक्सेलच असते. एवढ्याशा जागेत ४००० पिक्सेलचा फोटो चढवला तर ब्राउझर आधी ती सगळी फाइल उतरवून घेतो आणि मग आकुंचित करून दाखवतो. पाहणाऱ्याला त्या जादा पिक्सेलचा काहीही लाभ होत नाही, त्याचा डेटा मात्र खर्च होतो.

हाच फोटो १६०० पिक्सेल रुंद केला तर उंची १२०० होते आणि एकूण पिक्सेल १९,२०,००० उरतात, म्हणजे मूळच्या सहाव्या हिश्श्याहूनही थोडे कमी. क्वालिटीला अद्याप हातही लावलेला नसताना एवढी बचत होते. क्वालिटीची पट्टी खाली ओढून तेवढीच बचत करायला गेलो तर चित्राची पार रया जाते. रुंदी आधी ठरवावी असे मी म्हणतो ते यासाठीच.

वेळेचा हिशेबही मांडून पाहावा. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून ५ एमबीची (मेगाबाइटची) फाइल म्हणजे ४० मेगाबिट. बामणोलीच्या बाजूला किंवा घाटात रेंज कमी असताना इंटरनेटचा वेग सेकंदाला ४ मेगाबिट मिळाला, तर तो एकच फोटो उतरायला १० सेकंद लागतील. २५० केबीची फाइल त्याच वेगाने अर्ध्या सेकंदात येते. पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची शिफारस आहे आणि बहुतेक पानांवर तो सर्वांत मोठा घटक फोटोच असतो. खोली शोधणारा प्रवासी रस्त्यातूनच मोबाईलवर पाहत असतो, तो १० सेकंद थांबत नाही.

मग नेमकी किती रुंदी ठेवावी? आजचे मोबाईल आणि चांगले लॅपटॉप यांच्या पडद्यांवर पिक्सेल अतिशय दाट असतात. पान ज्या जागेला ८०० पिक्सेल मानते, तेथे पडद्यावर प्रत्यक्षात १६०० किंवा त्याहून अधिक ठिपके असू शकतात. त्यामुळे फोटो ज्या जागेत दिसणार आहे तिच्या दुप्पट रुंदी ठेवणे हा चांगला नियम आहे. लेखातल्या फोटोसाठी १२०० ते १६०० पिक्सेल, पानाच्या माथ्यावर पूर्ण रुंदीने पसरणाऱ्या फोटोसाठी १९२० पिक्सेल आणि गॅलरीतल्या लहान चौकोनांसाठी ४०० ते ६०० पिक्सेल, एवढ्यात बहुतेक गरजा भागतात. फोटो उभा असेल तर रुंदीबरोबर उंचीकडेही पाहावे, नाही तर तो मोबाईलचा अख्खा पडदा व्यापून बसतो.

गिंपमध्ये फोटो उघडून प्रथम नको असलेला भाग क्रॉप करावा. क्षितिज किंवा पाण्याची रेषा तिरकी असेल तर तीही याच वेळी सरळ करावी, कारण मेणवलीच्या घाटावरच्या फोटोत कृष्णेचे पाणी एका बाजूला कलंडलेले दिसले तर बाकी सगळे साधूनही फोटो बिघडतो. मग ‘इमेज’ मेनूतील ‘स्केल इमेज’ हा पर्याय निवडून रुंदीच्या चौकटीत १६०० लिहावे. शेजारचे साखळीचे चिन्ह जोडलेले असेल तर उंची आपोआप प्रमाणात बदलते, तुटलेले असेल तर माणसे लठ्ठ किंवा काटकुळी दिसू लागतात. लहान फोटो ओढून मोठा मात्र कधीही करू नये. जी माहिती फोटोत नाहीच, ती ताणून येत नाही.

फोटो लहान केल्यावर तो किंचित मऊ दिसतो. ‘फिल्टर्स’ मेनूतील ‘एन्हान्स’ या विभागात ‘शार्पन’ हा पर्याय आहे, त्याने फोटोला हलकी धार द्यावी. धार देण्याचे काम लहान केल्यानंतरच करायचे असते. कडांभोवती पांढरी झालर दिसू लागली, तर प्रमाण जास्त झाले असे समजून मागे यावे.

रुंदीच्याच संदर्भात डीपीआयचा घोळ दूर करायला हवा. फ्लेक्स किंवा निमंत्रणपत्रिका छापणाऱ्याने कधी तरी ‘३०० डीपीआयचा फोटो द्या’ असे सांगितलेले असते आणि तो आकडा मनात घट्ट बसतो. डीपीआय म्हणजे कागदावर एका इंचात किती ठिपके छापायचे याची सूचना. पडद्याला कागदाच्या इंचाशी कर्तव्य नसते. १२०० पिक्सेल रुंदीचा एक फोटो ७२ डीपीआयने आणि दुसरा ३०० डीपीआयने सेव्ह केला, तरी संकेतस्थळावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. तो रकाना आहे तसा सोडावा.

रंगांची जुळणी

येथे लक्षात ठेवण्याजोगे थोडेच आहे. संकेतस्थळासाठी एसआरजीबी हीच रंगव्यवस्था वापरावी. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि एचपी यांनी ती मांडली आणि तेव्हापासून पडद्यांसाठी तीच सर्वसामान्य मानली जाते. डीएसएलआर कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी ही दुसरी रंगव्यवस्था निवडलेली असेल आणि सेव्ह करताना रंगांची ही माहिती गळून पडली, तर कासची जांभळी-गुलाबी फुले संकेतस्थळावर मळकट दिसतात. गिंपमध्ये ‘इमेज’ मेनूतील ‘कलर मॅनेजमेंट’ येथून फोटो एसआरजीबीत बदलून घेता येतो. डीटीपी करणाऱ्याकडून आलेली फाइल सीएमवायके या छपाईच्या रंगव्यवस्थेत असेल तर ती छपाईसाठी केलेली असते. संकेतस्थळासाठी त्याच्याकडून आरजीबी प्रत मागून घ्यावी.

फॉरमॅट निवडणे

फॉरमॅट निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य आहे, की संगणकावर आखलेले चित्र? सज्जनगड, ठोसेघरचा धबधबा, ताटातले जेवण, खोलीतला पलंग ही दृश्ये झाली. यांत रंग हळूहळू एकातून दुसऱ्यात मिसळत जातात. दुकानाचा लोगो, नकाशा, दरपत्रक, मोबाईलच्या पडद्याचा स्क्रीनशॉट ही आखलेली चित्रे. यांत मोजके सपाट रंग, स्पष्ट कडा आणि अक्षरे असतात. या दोन प्रकारांसाठी वेगवेगळे फॉरमॅट तयार झाले आणि त्यांची अदलाबदल झाली की फाइल फुगते किंवा चित्र बिघडते.

दृश्यांसाठी जेपेग आहे. त्याचे मानक १९९२ मध्ये ठरले आणि आजही तो सर्वत्र उघडतो. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातला जो बारकावा डोळ्यांना फारसा जाणवत नाही तो कमी करतो. उजेडातला फरक डोळ्यांना चटकन कळतो, रंगातला तितकासा कळत नाही, हेही गृहीत धरून तो बहुधा रंगांची माहिती अधिक विरळ ठेवतो. म्हणूनच झाडे, डोंगर, चेहरे जेपेगमध्ये छान राहतात आणि तरीही फाइल लहान होते.

याच कारणामुळे अक्षरे मात्र जेपेगमध्ये बिघडतात. ‘कास पठार दर्शन व निवास व्यवस्था’ असे लाल अक्षरांत लिहिलेला पांढऱ्या पार्श्वभूमीचा बॅनर कमी क्वालिटीच्या जेपेगमध्ये सेव्ह करून तो मोठा करून पाहावा. शिरोरेषेच्या वर-खाली धुरकट ठिपक्यांची रांग उठलेली दिसते, वेलांटीचे टोक पसरते, ‘र्श’वरचा रफार भुरकट डाग होऊन बसतो आणि लाल रंग अक्षराच्या कडेबाहेर झिरपल्यासारखा दिसतो. देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार असे बारीक अवयव ओळीच्या वर आणि खाली असतात, त्यामुळे लहान आकाराच्या मजकुरात हे नुकसान आपल्याला विशेष जाणवते.

अशा आखलेल्या चित्रांसाठी पीएनजी वापरावा. १९९६ मध्ये आलेला हा फॉरमॅट कोणतीही माहिती टाकून देत नाही आणि पार्श्वभूमी पारदर्शक ठेवू शकतो, त्यामुळे लोगोभोवती पांढरा चौकोन येत नाही. मोजक्या रंगांच्या चित्रात तो फाइलही लहान ठेवतो, आणि २५६ रंगांपुरता मर्यादित केला तर आणखी लहान. पण हाच पीएनजी कासच्या फुलांच्या फोटोसाठी वापरला, तर फाइल जेपेगच्या कित्येक पट मोठी होते आणि पाहणाऱ्याला फरक काहीच कळत नाही. ‘पीएनजीची क्वालिटी चांगली असते’ एवढेच ऐकून सगळे फोटो पीएनजीत सेव्ह करणारे बरेच जण भेटतात. संकेतस्थळ जड होण्याचे ते मोठे कारण असते.

लोगोची मूळ फाइल रेषांच्या स्वरूपात असेल, तर एसव्हीजी सर्वांत उत्तम. त्यात पिक्सेल नसून रेषांचे वर्णन असते, म्हणून तो कितीही मोठा केला तरी कडा स्वच्छ राहतात. लोगो ज्याच्याकडून करून घेतला त्याच्याकडे ही फाइल मागावी. तिच्यातल्या अक्षरांचे रेषांत रूपांतर केले आहे ना, हेही विचारून घ्यावे, नाही तर ज्या संगणकावर तो मराठी फॉन्ट नाही तेथे अक्षरे बदलतील.

दरपत्रक, पत्ता, वेळा यांचे चित्र करणेच शक्यतो टाळावे. हा मजकूर पानावर साधा मजकूर म्हणूनच लिहावा. तो मोबाईलवर मोठा करून वाचता येतो, गूगलला सापडतो, दृष्टिहीन व्यक्तींच्या वाचक-सॉफ्टवेअरला वाचून दाखवता येतो, आणि दर बदलले की नवा बॅनर करून घेण्यासाठी कोणाकडे जावे लागत नाही.

आता वेबपीविषयी. गूगलने २०१० मध्ये आणलेला हा फॉरमॅट दृश्ये आणि आखलेली चित्रे दोन्ही सांभाळतो, पारदर्शकताही ठेवतो. तेवढ्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा वेबपी फाइल २५ ते ३४ टक्के लहान होते, असे गूगलने आपल्या तुलनेत दाखवले आहे. ॲपलच्या सफारी ब्राउझरनेही २०२० पासून तो स्वीकारला, त्यामुळे आज तो बिनधास्त वापरावा. त्यानंतर आलेला एव्हीआयएफ पुष्कळदा आणखी लहान फाइल देतो, पण ती तयार व्हायला वेळ अधिक लागतो आणि सगळी जुनी सॉफ्टवेअर ती उघडत नाहीत. नवशिक्याने दृश्यांसाठी वेबपी किंवा जेपेग आणि आखलेल्या चित्रांसाठी पीएनजी, एवढ्यावर काम सुरू करावे. फोटो कोणाला डाउनलोड करून वापरायला द्यायचा असेल, उदाहरणार्थ वर्तमानपत्राला, तर जेपेगच द्यावा.

क्वालिटीचा आकडा

‘एक्सपोर्ट ॲज’ निवडून फाइलच्या नावाला जेपेगचे शेपूट (.jpg) दिले की गिंप क्वालिटीची पट्टी दाखवते. तिच्यावरचा आकडा म्हणजे टक्केवारी नव्हे. ८० म्हणजे ८० टक्के चित्र उरले, असा त्याचा अर्थ होत नाही, आणि एका सॉफ्टवेअरमधले ८० दुसऱ्यातल्या ८० इतकेच असतील असेही नाही. फोटोशॉपच्या ‘सेव्ह ॲज’मध्ये तर ही पट्टी ० ते १२ अशी आहे. म्हणून कोणाचा आकडा उसना घेऊ नये. सुरुवात ८० पासून करावी, ‘शो प्रिव्ह्यू इन इमेज विंडो’ या ओळीपुढे खूण करावी, म्हणजे फाइल किती केबीची होणार ते खिडकीत दिसते आणि चित्रातला बदलही लगेच पाहता येतो. १०० वर कधीही ठेवू नये. ९० ते १०० या टप्प्यात फाइल झपाट्याने फुगते आणि डोळ्यांना हाती काहीच लागत नाही.

फोटो किती केबीचा असावा, असे मला नेहमी विचारले जाते. सर्व फोटोंना लागू पडेल असा आकडा देता येत नाही, आणि का देता येत नाही हे समजून घेणे उपयोगाचे आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावर काढलेले दोन फोटो डोळ्यांसमोर आणावेत. एकात जमिनीलगत कॅमेरा ठेवून टिपलेला फुलांचा गालिचा आहे: तेरड्याची गुलाबी दाटी, मध्ये गेंदाचे पांढरे गोळे, खाली सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे थेंब, आणि या सगळ्यांतून आडवीतिडवी गेलेली ओल्या गवताची पाती. दुसऱ्यात धुक्यात बुडालेले पठार आहे, वर राखाडी आभाळ आणि खाली कड्याची अंधूक रेघ. दोन्हींची रुंदी १६०० पिक्सेल आणि क्वालिटी ८० ठेवली, तरी फुलांच्या फोटोची फाइल धुक्याच्या फोटोच्या कित्येक पट मोठी होते. जेपेगला सपाट भाग थोडक्यात लिहिता येतो. गवताचे प्रत्येक पाते, पाकळीची प्रत्येक कड त्याला स्वतंत्रपणे लिहावी लागते.

आता हे दोन्ही फोटो क्वालिटी ५० वर आणून पाहावेत. धुक्याच्या फोटोत आभाळाचे पट्टे पडतात आणि ८ बाय ८ चे चौकोन फरशीसारखे उघडे पडतात. फुलांच्या फोटोतही तेवढेच नुकसान झालेले असते, पण ते गवताच्या गर्दीत लपते, चटकन दिसत नाही. म्हणजे ज्या फोटोची फाइल मुळातच लहान आहे त्याला क्वालिटी जास्त लागते आणि ज्याची फाइल जड आहे त्याची क्वालिटी खाली आणण्यास वाव असतो. धुके, आभाळ, शिवसागर जलाशयाचे शांत पाणी, रंगवलेली भिंत, नितळ त्वचा असे विषय असतील तर ८५ पर्यंत जावे. त्याने फाइलचे वजन फारसे वाढत नाही. झाडी, गवत, गर्दी, काळ्या पाषाणाचे खडबडीत बांधकाम असेल तर ७० किंवा त्याखालीही उतरून पाहावे. सर्व फोटोंना एकच आकडा लावणारा माणूस एकीकडे आभाळ फाडतो आणि दुसरीकडे विनाकारण डेटा उधळतो.

पावसाळ्यातल्या फोटोंची आणखी एक अडचण असते. उजेड कमी असल्यामुळे कॅमेरा संवेदनशीलता वाढवतो आणि चित्रभर रंगीत कण उमटतात. हे कण जेपेगला बारकाव्यासारखेच वाटतात, तो तेही इमानाने लिहून ठेवतो आणि धुक्याचा फोटोही जड होतो. असा फोटो एक्सपोर्ट करण्यापूर्वी ‘नॉइज रिडक्शन’ हलक्या हाताने वापरावे. चित्रही सुधारते आणि फाइलही उतरते.

स्ट्रॉबेरीसारख्या गडद लाल विषयासाठी ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधील ‘सबसॅम्पलिंग’ येथे ४:४:४ निवडावे, म्हणजे रंगांची माहिती विरळ होत नाही. रंगांची माहिती विरळ केली की लाल फळ आणि हिरवा देठ यांच्यामधली कड भुरकट होते. फळावरच्या पिवळट बियांचे ठिपकेही लालात विरघळतात. २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले महाबळेश्वरचे फळ विकायचे असेल, तर फोटोत ते टवटवीत दिसलेच पाहिजे, त्यासाठी थोडी केबी खर्च झाली तरी चालेल. त्याच ठिकाणी ‘प्रोग्रेसिव्ह’ पुढे खूण असू द्यावी. मग कमी वेगाच्या इंटरनेटवर फोटो वरून खाली इंचाइंचाने न येता आधी संपूर्ण पण धूसर दिसतो आणि हळूहळू स्पष्ट होतो.

ज्यांना गिंप जड वाटते त्यांच्यासाठी स्क्वूश हे गूगलच्या मंडळींनी केलेले मोफत साधन ब्राउझरमध्येच चालते. पडद्याच्या मधोमध एक उभी रेघ असते, तिच्या एका बाजूला मूळ फोटो आणि दुसऱ्या बाजूला दाबलेला फोटो दिसतो. ती रेघ इकडेतिकडे सरकवून फरक तपासता येतो, खाली फाइलचा आकार दिसतो, आणि फोटो आपल्या संगणकाबाहेर जात नाही. क्वालिटी डोळ्यांनी पारखायला शिकण्यासाठी याहून सोपे साधन माझ्या पाहण्यात नाही. तुलना करताना फोटो १०० टक्के आकारात पाहावा, त्याहून मोठा करून दोष शोधत बसू नये, कारण पाहणारा तसा पाहणार नाही.

फोटोत दडलेली माहिती

फोटोच्या फाइलमध्ये चित्राखेरीज कॅमेऱ्याचे नाव, तारीख, वेळ, आणि मोबाईलमध्ये लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही लिहिलेले असतात. यालाच एक्झिफ माहिती म्हणतात. होमस्टेचे ठिकाण जगाला कळले तर हरकत नाही, पण घरी काढलेल्या मुलांच्या फोटोतून घराचा ठावठिकाणा जाणे बरे नव्हे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या भागांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत कास आहे, आणि या परिसरात कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पती आहेत. अशा झाडाच्या फोटोसोबत त्याची नेमकी जागा प्रसिद्ध झाली तर ते उपटून नेणाऱ्याला आपण वाटच दाखवून देतो. म्हणून एक्सपोर्ट करताना ‘सेव्ह एक्झिफ डेटा’ पुढची खूण काढावी. ‘सेव्ह कलर प्रोफाइल’ची खूण मात्र राहू द्यावी, कारण ब्राउझरला रंग ओळखण्यासाठी ती लागते.

ऑनलाइन अर्जांचा अपवाद

स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न उलट्या बाजूने पडतो, कारण तेथे केबीची मर्यादा आधीच ठरलेली असते. आयबीपीएसच्या बँक परीक्षांच्या अर्जात फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, तर सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी असा आकार मागितला जातो. अन्य अर्जांचे आकडे वेगळे असतात, ते त्या त्या जाहिरातीतूनच घ्यावेत. येथेही क्रम तोच. चेहरा आणि खांदे बसतील असा क्रॉप करावा, मग पिक्सेल जुळवावेत आणि शेवटी क्वालिटीची पट्टी सरकवत फाइल मर्यादेत आणावी. फाइल किमान आकारापेक्षाही लहान झाली तर पिक्सेल न वाढवता क्वालिटी वाढवावी. सहीचा फोटो खिडकीजवळच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने सही करून काढावा, कारण सावली पडलेल्या कागदाची सही कोणत्याही सेटिंगने स्वच्छ होत नाही.

नाव देणे, चढवणे आणि तपासणे

फाइलचे नाव मोबाईलने दिलेल्या आकड्यांचे ठेवू नये. लहान रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता आणि शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन, चित्रात काय आहे ते सांगणारे नाव द्यावे. देवनागरी नावेही चालतात, पण त्यांच्या लिंकमध्ये टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ तयार होते आणि ती कोणाला पाठवणे जिकिरीचे होते. संकेतस्थळावर फोटो चढवताना ‘आल्ट टेक्स्ट’ या रकान्यात मराठीत एक सरळ वाक्य लिहावे, उदाहरणार्थ ‘अजिंक्यताऱ्यावरून दिसणारे सातारा शहर, सायंकाळी’. फोटो उघडला नाही तर हेच वाक्य दिसते आणि दृष्टिहीन वाचकाला हेच ऐकू येते.

संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर असेल तर ते चढवलेल्या फोटोच्या वेगवेगळ्या रुंदीच्या प्रती स्वतः तयार करते आणि पाहणाऱ्याच्या पडद्याला साजेशी प्रत पाठवते. या प्रती करताना तेही फोटो पुन्हा दाबते, म्हणून वर्डप्रेससाठीचा फोटो फार खालच्या क्वालिटीचा देऊ नये, ८० ते ८५ ठेवावा आणि रुंदी १९२० पर्यंत असू द्यावी. संकेतस्थळ दुसऱ्या कोणी बनवून दिले असेल, तर फोटोंना रुंदी-उंचीचे आकडे दिले आहेत का आणि खालचे फोटो तेथपर्यंत पोहोचल्यावरच उतरतात का, हे त्यांना विचारावे. आकडे नसतील तर फोटो येताच मजकूर खाली ढकलला जातो आणि वाचणाऱ्याची ओळ हरवते.

शेवटी पान घरच्या वाय-फायवर न पाहता मोबाईलच्या डेटावर, शक्यतो एखाद्या जुन्या आणि स्वस्त फोनवर उघडून पाहावे. भर उन्हात, पडद्याचा उजेड कमी असताना फोटोतले मुख्य काय ते ओळखू येते का, हेही पाहावे. एखादा फोटो मनासारखा दिसला नाही तर चढवलेली प्रत दुरुस्त करत बसू नये. मूळ फोल्डरमधला फोटो घेऊन तो नव्याने एक्सपोर्ट करावा आणि चढवताना नावात थोडा बदल करावा, कारण त्याच नावाने चढवला तर ब्राउझर आपल्याकडे साठवून ठेवलेली जुनीच प्रत काही काळ दाखवत राहतो आणि बदल झालाच नाही असे वाटते.